खजिना सिरपूरच्या तलावावर
(भूगोल, गणित, विज्ञान आणि मराठी: एका सहकुटुंब फेरीचा पाठ)



सहामाही परीक्षा आटोपली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: "सुट्टीत मुलांना कुठे न्यावे? जवळचे, कमी खर्चाचे आणि मुलांना काही शिकायला मिळेल असे एखादे ठिकाण सुचवा." या अंकात आम्ही त्या प्रश्नाचे उत्तर पाठाच्या रूपाने देत आहोत. अक्षांश-रेखांशांवरून जागा शोधण्याचा एक खेळ जगभर खेळला जातो. तो समजून घ्यायचा आणि आपल्या इंदूरच्या सिरपूर तलावाच्या बांधावर सगळ्या कुटुंबाने मिळून खेळायचा, असा हा पाठ आहे. वाट सपाट आहे. आजी-आजोबांना आणि लहान भावंडांनाही बरोबर नेता येईल.

१. हा खेळ आला कुठून?

या खेळाचे नाव जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. नोटा-नाण्यांच्या कॅशशी त्याचा संबंध नाही. कोणीतरी एक लहान डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. डब्यातली एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू त्यात ठेवायची. खाण्याचे पदार्थ मात्र कधीही ठेवायचे नाहीत, कारण त्यांच्या वासाने जनावरे डबा फोडतात.

खेळाच्या जन्माची तारीख नक्की माहीत आहे. जी.पी.एस. ही उपग्रहांची व्यवस्था अमेरिकेच्या सैन्याने उभारली. सामान्य लोकांना मिळणारे तिचे संकेत मुद्दाम थोडे बिघडवून दिले जात, त्यामुळे जागा दाखवण्यात शंभर मीटरपर्यंत चूक होई. शंभर मीटरच्या घेरात एक डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणेच! २ मे २००० रोजी हे बिघडवणे बंद झाले आणि चूक एकदम दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थांनी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर दिले. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानावर क्रॅनमियर पूल नावाची दलदलीची जागा आहे. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. एवढे चालून येणारा माणूस आपल्या नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकून जाई. उपग्रह नव्हते, पण "आम्ही इथवर पायी आलो" हे लिहून ठेवण्याचा आनंद तोच होता.

२. फोनला आपली जागा कशी कळते?

समजा, तुम्ही शहरात वाट चुकलात आणि कोणी सांगितले की तुम्ही राजवाड्यापासून एक किलोमीटरवर आहात. एवढ्याने जागा कळणार नाही. राजवाड्याभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर त्यावर तुम्ही कुठेही असू शकता. मग कळले की रेल्वे स्टेशनपासूनही तुम्ही अमुक अंतरावर आहात. आता दोन वर्तुळे एकमेकांना दोन ठिकाणी छेदतील. बडा गणपतीपासूनचे अंतर कळले की त्या दोनांतले एकच ठिकाण उरेल.

उपग्रह हेच काम करतात. जी.पी.एस.चे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण "आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले" असा संदेश सतत पाठवत असतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. उपग्रह डोक्यावर असेल तर त्याला आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या वेळेवरून फोन अंतर काढतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ असते. आपल्या फोनमधले घड्याळ तेवढे अचूक नसते, म्हणून तीनऐवजी निदान चार उपग्रह लागतात. चौथा फोनच्या घड्याळाची चूक दुरुस्त करतो.

भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात आपल्या स्वतंत्र व्यवस्थेचे सात उपग्रह सोडले. तिचे नाव 'नाविक'.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जागा कळण्यासाठी फोनला इंटरनेट लागत नाही, ते फक्त नकाशा दिसण्यासाठी लागते. आणि दाट झाडाखाली किंवा उंच इमारतीला लागून उभे राहिलात, तर आकडे डगमगतात. मोकळ्या आकाशाखाली एक मिनिट स्थिर उभे राहा, मगच आकडे वाचा.

३. आकडे वाचायला शिका

आपल्या मुलांची इथे एक अडचण होते. हिंदीच्या पुस्तकात 'देशांतर' म्हणतात, मराठीत 'रेखांश'. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, म्हणून आम्ही वर्गात दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहितो. वस्तू एकच आहे. अक्षांश सांगतो, विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला. रेखांश सांगतो, ग्रीनिचपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला.

पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. त्याचे ३६० अंश केले, तर एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. एका अंशाच्या ६० कला, म्हणून एक कला म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. कलेचा हजारावा भाग घेतला तर १.८५ मीटर, म्हणजे दोन-तीन पावले. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ-जवळ येत जातात. त्यामुळे इंदूरच्या अक्षांशावर रेखांशाची एक कला थोडी कमी, सुमारे १.७१ किलोमीटर भरते.

सिरपूर तलाव सुमारे २२ अंश ४२ कला उत्तर आणि ७५ अंश ४९ कला पूर्व इथे आहे. फोन हेच २२.७० असे दशांशात दाखवतो. ०.७० ला ६० ने गुणा, ४२ येतील. इथे घाई करू नका. २२ अंश ४२ कला हे '२२.४२ अंश' असे लिहिले, तर फरक ०.२८ अंशाचा, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटरचा पडतो! तलावाऐवजी तुम्ही महूच्याही दक्षिणेला पोहोचाल.

आता एक उदाहरण. समजा, तुम्ही ४२.१२० कलांवर उभे आहात आणि शोधायची जागा त्याच रेखांशावर ४२.१८० कलांवर आहे. फरक ०.०६० कला. त्याला १.८५ ने गुणले की ०.१११ किलोमीटर, म्हणजे १११ मीटर उत्तरेकडे. एवढे गणित आले की फोनवरचा बाण न बघताही जागा सापडते, आणि आमचा आग्रह तोच आहे.

मित्रांनो, आपण माळव्यात राहतो म्हणून आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १८८४ साली ग्रीनिचची रेषा शून्य ठरली. त्याच्या कितीतरी शतके आधी भारतीय ज्योतिषी उज्जैनवरून जाणारी रेषा शून्य मानून गणित करत होते. उज्जैनला सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात वेधशाळा बांधली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ साली तिची दुरुस्ती करवली आणि तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्विद होते. उज्जैनच्या वेधशाळेचा रेखांश सुमारे ७५ अंश ४६ कला आहे. सिरपूरच्या रेखांशातून तो वजा करा. फक्त तीन कला! म्हणजे आपल्या पूर्वजांची ती शून्य रेषा सिरपूर तलावाच्या पश्चिमेला अवघ्या पाच किलोमीटरवरून जाते.

४. सिरपूर तलावाची ओळख

धार रोडवरचा हा तलाव होळकरांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला. याचे मोठा सिरपूर आणि छोटा सिरपूर असे दोन भाग आहेत. तलाव उथळ आहे. भर पावसाळ्यातही पाणी सुमारे दोन मीटरच चढते. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत जातो, पाणवनस्पती वाढतात, त्यांवर किडे आणि मासे जगतात, आणि त्यांच्यासाठी पक्षी येतात. इथे १३० जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. म्हणून लोक याला पक्षीविहारही म्हणतात.

शहर वाढत गेले तसे तलावाचे हाल झाले. कडेने अतिक्रमण, पाण्यात सांडपाणी आणि पक्ष्यांची शिकार, असे दिवस त्याने पाहिले. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात छायाचित्रकार भालू मोंढे आणि 'द नेचर व्हॉलंटियर्स' या संस्थेतले त्यांचे सहकारी या तलावासाठी उभे राहिले. पहारा, झाडे लावणे, पक्ष्यांच्या नोंदी, अर्ज-विनंत्या, असे हे काम वर्षानुवर्षे चालले. मोंढे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. आपल्याच मराठी समाजातल्या एका माणसाने घरापासून चार पावलांवरच्या तलावासाठी काय केले, हे आपल्या मुलांना माहीत असलेच पाहिजे.

२०२२ साली सिरपूर तलाव 'रामसर' यादीत गेला. इराणमधल्या रामसर गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या कराराखालची ही यादी आहे. इंदूरजवळचा यशवंत सागरही त्याच वर्षी यादीत आला. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना 'पाणथळ शहर' ही मान्यता मिळाली. भारतातली ही पहिलीच दोन शहरे. मान मोठा आहे, पण यादीत नाव आले म्हणून सांडपाणी आपोआप थांबत नाही. लोकांचे लक्ष असावे लागते, आणि लक्ष ठेवायचे तर आधी तिथे जावे लागते.

५. डबा का नको?

आता तुम्ही विचाराल, "सर, मग डबा कुठे लपवायचा?" डबा लपवायचाच नाही. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, या खेळाचा मूळ नियमच असा आहे की जागेच्या मालकाची परवानगी असल्याशिवाय डबा ठेवू नये आणि जमीन उकरू नये. दुसरे, डबा शोधताना मुले वाट सोडून झुडपांत शिरतात. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांसारखी दिसत असल्याने पायाखाली येतात. तिसरे, सार्वजनिक ठिकाणी बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावतात. ते योग्यच आहे.

जिओकॅशिंगमध्ये बिनडब्याचाही एक प्रकार आहे. २००४ पासून चालू असलेल्या 'अर्थकॅश' या प्रकारात दिलेल्या जागी जायचे, तिथली जमीन आणि खडक नीट पाहायचे आणि प्रश्नांची उत्तरे द्यायची. आपण तीच रीत घेऊ. डबा नाही, पण वही आपली. आणि वहीत जे लिहाल, तोच खजिना.

६. फेरी कशी करावी?

वेळ: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. थंडीत बाहेरगावचे पक्षी आलेले असतात. निघण्याआधी प्रवेशाची वेळ विचारून घ्यावी.

तयारी: आई-बाबांपैकी एकाने बांधावरच्या चालायच्या वाटेवर पाच जागा निवडाव्यात. दोन जागांमध्ये शंभर ते दोनशे मीटर अंतर असावे. सगळ्या जागा वाटेवरच असाव्यात, पाण्याच्या काठाशी एकही नको. प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहावेत. मुलांना एका वेळी एकच चिठ्ठी द्यावी. एकूण चाल दीड किलोमीटरपेक्षा जास्त ठेवू नये.

पाच जागा, पाच कामे:
पहिली जागा: पाणी बांधाच्या दगडांपर्यंत आले आहे की मागे हटले आहे? अंदाजे किती पावले?
दुसरी जागा: घड्याळ लावून पाच मिनिटे पाण्यावरचे पक्षी मोजा. नाव माहीत नसेल तर रंग, चोच आणि पाय यांचे वर्णन लिहा.
तिसरी जागा: जवळच्या एका झाडाचे पान, खोड, फूल किंवा फळ पाहून चित्र काढा. पान तोडू नका.
चौथी जागा: माणसाने टाकलेले काय-काय दिसते? पाण्याला वास येतो का? खरे ते लिहा.
पाचवी जागा: दोन मिनिटे अगदी गप्प उभे राहा. किती वेगवेगळे आवाज ऐकू आले?

प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ आणि आकडे असलेच पाहिजेत. त्यामुळे पुढल्या वर्षी तुम्ही किंवा तुमचे धाकटे भावंड नेमके त्याच जागी उभे राहून सांगू शकेल की पाणी घटले की वाढले, पक्षी आले की नाही. आकड्यांचा खरा उपयोग हा आहे.

नोंदी मराठीत लिहायच्या. आपली मुले सगळ्या पाणपक्ष्यांना 'डक' म्हणून मोकळी होतात. मराठीत एकेका पक्ष्याचे नाव म्हणजे त्याचे वर्णनच असते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला तो वारकरी. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपके असलेले ते हळदी-कुंकू बदक. कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा तो कमळपक्षी. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली, हिंदीत पनडुब्बी. खंड्या म्हणजे हिंदीतला किलकिला, टिटवी म्हणजे टिटहरी, पाणकावळा म्हणजे पनकौवा. दोन्ही भाषांतली नावे शेजारी-शेजारी लिहा. आजीला विचारा. नाव विसरली असेल, तर पक्षी दिसताच तिला आठवेल.

सावधगिरी: पाण्यात उतरायचे नाही. पक्ष्यांना खायला टाकायचे नाही, दगड मारायचे नाहीत. फोनवर गाणी लावायची नाहीत. खाऊचे वेष्टन परत घरी आणायचे. पोहे-जिलबी तलावाबाहेर आल्यावर!

७. पालक आणि विश्वस्त मंडळींशी दोन शब्द

पालकांना विनंती की फोन मुलाच्या हातात फक्त आकडे वाचण्यापुरता द्यावा. एकदा वाचला की तो खिशात, आणि वही हातात. मुलाला उत्तर लगेच सांगू नका. ते चुकीच्या दिशेने पन्नास पावले गेले तरी चालेल. आकडे कमी व्हायला हवेत तिथे वाढत आहेत हे त्याच्या लक्षात आले, की ते स्वतःच वळेल. ते वळणे फळ्यावर शिकवता येत नाही.

विश्वस्त मंडळास नम्र निवेदन की शाळेच्या ग्रंथालयात या वह्यांसाठी एक कपाट आणि मुलांना आळीपाळीने देण्यासाठी एक दुर्बीण मिळावी. दर वर्षीच्या वह्या जपल्या, तर काही वर्षांनी आपल्या शाळेकडे सिरपूर तलावाची मुलांनी लिहिलेली, तारीखवार आणि मराठीतली हकीकत जमा होईल. उद्या तलावावर पुन्हा संकट आले, तर बोलायला आपल्याजवळ आधार असेल.

८. अभ्यास

(१) २२.७५ अंश म्हणजे किती अंश, किती कला?
(२) राजवाडा सुमारे २२ अंश ४३ कला उत्तर, ७५ अंश ५१ कला पूर्व इथे आहे. वर दिलेल्या सिरपूरच्या आकड्यांवरून दोन्हींतले सरळ रेषेतले अंतर काढा. (नववी-दहावीसाठी. पायथागोरसचे प्रमेय वापरा. उत्तर चार किलोमीटरच्या जवळपास आले पाहिजे.)
(३) उज्जैनच्या वेधशाळेचा अक्षांश सुमारे २३ अंश १० कला आहे. ती सिरपूरच्या उत्तरेला किती किलोमीटरवर आहे?
(४) जागा ठरवायला तीनऐवजी चार उपग्रह का लागतात? तीन-चार वाक्यांत लिहा.
(५) उथळ तलावावर पक्षी जास्त का येतात?
(६) घरातल्या वडील माणसांना विचारून पाच पाणपक्ष्यांची मराठी आणि हिंदी नावे लिहा.

ज्यांना तलावावर जाणे जमणार नाही, त्यांनी घराजवळच्या बागेत किंवा आपल्या शाळेच्या आवारात पाच जागा निवडून हाच पाठ करावा. वह्या ३१ जानेवारीपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. त्या दिवशी सगळ्या वह्या शाळेच्या सभागृहात मांडण्यात येतील. पालकांनी अवश्य यावे.

— मुख्याध्यापक